मानसिक आरोग्यविषयक कायदे व लोकमागणी (ठाणे परिसर)

मनोरुग्णांचे उपचार, काळजी व हक्क यांविषयी विधिमंडळे, स्थानिक स्वराज्य संस्था व न्यायालये यांच्यापुढे वेळोवेळी मांडण्यात आलेल्या मागण्यांचा आणि त्यांतून घडलेल्या कायद्यांचा इतिहास. महाराष्ट्रात हा इतिहास ठाणे शहराशी विशेष निगडित आहे. येथील मनोरुग्णालय १९०१ मध्ये स्थापन झाले. राज्यात शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये असून त्यांपैकी ठाण्याची मंजूर क्षमता दीर्घकाळ १,८५० खाटांची राहिली. येरवडा (२,५४०) हे त्याहून मोठे, तर नागपूर (९४०) व रत्नागिरी (३६५) ही लहान होत. मुंबई व कोकणपट्टीतील मराठी बोलण्यात ‘ठाण्याला पाठविणे’ हा वाक्प्रयोग वेड लागल्याचा सूचक म्हणून रूढ झाला. एका शहराचे नाव असे थट्टेचा विषय बनल्यामुळे तेथील रुग्णाची बाजू मांडणाऱ्यास आधी या थट्टेशीच झगडावे लागे.

कोलशेत हे ठाणे शहराच्या उत्तरेस खाडीकाठी वसलेले जुने गाव. भातशेती, मासेमारी व रेती ही येथील आगरी-कोळी वस्तीची उपजीविकेची साधने होती. स्वातंत्र्योत्तर काळात सँडोझसारखे रासायनिक कारखाने या भागात आले, पुढे ते मागे पडून उंच निवासी संकुले उभी राहिली. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली आणि कोलशेत आज तिच्या माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या क्षेत्रात मोडते. अशा वस्तीतील एखाद्या घरात कोणी मनोविकाराने आजारी पडल्यास त्याच्या आप्तांनी दाद कोणाकडे मागावी, नगरसेवकाकडे, आमदाराकडे, खासदाराकडे की न्यायाधीशाकडे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले आहे.

एकोणिसाव्या शतकात हे उत्तर सरळ होते : दंडाधिकाऱ्याकडे. मुंबईत कोलाबा येथील वेड्यांचे इस्पितळ १८२६ पासून चालू होते. ईस्ट इंडिया कंपनीची सत्ता जाऊन राणीचे राज्य आले त्याच वर्षी, १८५८ मध्ये, वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा छत्तिसावा अधिनियम संमत झाला. त्याचा रोख उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. भटकणारा वा धोकादायक वाटणारा वेडा पोलिसांनी पकडावा, दंडाधिकाऱ्याने वैद्याच्या साहाय्याने त्याची तपासणी करावी व त्यास इस्पितळात धाडावे, अशी ती रचना होती. कोलाब्याची जागा अपुरी पडू लागल्यावर शहराबाहेर मोकळ्या जागी नवे इस्पितळ बांधण्याचा विचार पुढे आला. ठाण्याच्या इस्पितळास नरोत्तमदास माधवदास यांचे नाव मिळाले ते या कार्यासाठी झालेल्या दानामुळे. धर्मशाळा, पाणपोया व दवाखाने यांसाठी होणाऱ्या दानाच्या परंपरेतच मुंबईच्या धनिकवर्गाने वेड्यांच्या इस्पितळाकडे पाहिले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. सरकारने केवळ सुरक्षिततेचा प्रश्न मानलेल्या विषयात धर्मादायाची भावना तिथून शिरली. या देणगीमागील हेतूचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा उपस्थित व्हावयाचा होता.

योगायोगाने १९०१ मध्येच मुंबई इलाख्याचा जिल्हा नगरपालिका अधिनियम झाला. नगरपालिकांच्या ऐच्छिक कर्तव्यांत त्याने उद्याने, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये व धर्मशाळा यांच्या ओळीत वेड्यांच्या इस्पितळांचाही उल्लेख केला. म्हणजे स्थानिक लोकप्रतिनिधींना या बाबतीत काही करण्याची मुभा कायद्याने दिली होती, सक्ती मात्र केली नव्हती. दिवाबत्ती, गटारे व रस्ते ही सक्तीची कामेच ज्यांच्या उत्पन्नात भागत नसत, त्या नगरपालिकांनी या मुभेचा लाभ घेतला नाही यात नवल नाही.

१९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टने भरतीची पद्धत अधिक रेखीव केली. दंडाधिकाऱ्याचा दाखल आदेश हा तिचा कणा होता. प्रत्येक इस्पितळासाठी किमान तीन अभ्यागत नेमण्याची तरतूद त्यात होती व त्यांतील एक वैद्यकीय अधिकारी असावा लागे. कारागृह महानिरीक्षक हा पदसिद्ध अभ्यागत असे, यावरून इस्पितळ व तुरुंग यांतील अंतर कायद्याच्या दृष्टीने किती थोडे होते हे दिसते. तथापि बाहेरच्या माणसाने आत जाऊन पाहण्याचा हा वैधानिक दरवाजा होय. पुढील सर्व सुधारणांचे बीज या अभ्यागत मंडळाच्या कल्पनेत सापडते.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी वैद्यकीय प्रशासन, रुग्णालये, दवाखाने व वेड्यांची इस्पितळे हे विषय प्रांतांकडे व त्यांतही ‘सोपीव’ खात्यांत, म्हणजे विधिमंडळास जबाबदार असणाऱ्या मंत्र्याकडे दिले. ठाण्याच्या इस्पितळाच्या खर्चावर लोकनियुक्त सभासदांना अशा जबाबदार मंत्र्यास प्रश्न विचारता येऊ लागले ते तेव्हापासून. याच सुमारास, १९२० नंतर, देशभर ‘असायलम’ हा शब्द मागे पडून ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव रूढ झाले. नाव बदलले, पण १९१२ चा कायदा आणखी सत्तर वर्षे टिकला. भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला तेव्हा हिंदुस्थानात सुमारे चाळीस हजार लोकसंख्येमागे मनोरुग्णांची एक खाट होती. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण सुमारे तीनशेमागे एक असे होते. समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील इस्पितळांची पाहणी केली आणि ती उपचारापेक्षा कोंडून ठेवण्याच्या कामाची असल्याचा निष्कर्ष काढला.

स्वतंत्र भारताच्या संविधानात या विषयाची विभागणी झाली. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे राज्यसूचीत (नोंद ६) आहेत, तर वेड व मनोदौर्बल्य आणि अशा व्यक्तींना ठेवण्याची वा त्यांच्या उपचारांची ठिकाणे हा विषय समवर्ती सूचीत (नोंद १६) आहे. याचा व्यावहारिक परिणाम मोठा झाला. रुग्णाला कोणत्या प्रक्रियेने आत घ्यावे व केव्हा सोडावे हे दिल्लीत ठरू लागले. डॉक्टर, परिचारिका, औषधे व अन्न यांचा पैसा मात्र मुंबई-नागपूरच्या अधिवेशनांत मंजूर होत राहिला. मागणी घेऊन येणाऱ्यास या दोन दारांपैकी कोणते ठोठवावे हे ठाऊक नसे आणि पुष्कळदा एका दाराकडून दुसऱ्याकडे बोट दाखविले जाई.

दिल्लीचे दार किती सावकाश उघडले याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने १९५० च्या सुमारास नव्या मानसिक आरोग्य विधेयकाचा मसुदा तयार करून केंद्र सरकारला सादर केला. १९७८ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक सभागृह विसर्जित झाल्याने बारगळले, १९८१ मध्ये ते राज्यसभेत पुन्हा आले आणि १९८७ मध्ये मानसिक आरोग्य अधिनियम झाला. तो अंमलात येण्यास १ एप्रिल १९९३ उजाडला. मसुद्यापासून अंमलापर्यंत चाळीसहून अधिक वर्षे गेली. यास विरोध कारणीभूत होता असे म्हणता येत नाही. या विधेयकाच्या आड येणारा कोणताही प्रबळ हितसंबंध नव्हता. त्याच्या पाठीशी उभा राहणारा मतदारही नव्हता, हेच खरे कारण मानले पाहिजे.

या ठिकाणी निवडणूक कायद्याचा विचार करावा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ मध्ये मताधिकार नाकारण्याच्या कारणांत मनोविकलतेचा समावेश आहे, आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १६ नुसार सक्षम न्यायालयाने विकल मनाची म्हणून घोषित केलेली व्यक्ती मतदार यादीत नोंदविली जाण्यास अपात्र ठरते. मनोरुग्णालयात असणे म्हणजे न्यायालयाने असे घोषित करणे नव्हे. व्यवहारात मात्र वर्षानुवर्षे आत राहिलेल्या माणसाचे नाव घरच्या पत्त्यावरील यादीतून गळे आणि रुग्णालयाच्या पत्त्यावर चढत नसे. लोकप्रतिनिधीच्या दृष्टीने अठराशे खाटांच्या या वस्तीत एकही मत नव्हते. गावातील आप्तांचे मत होते. परंतु घरात वेड आहे असे उघड सांगून मागणी करणे मुलामुलींच्या सोयरिकीच्या आड येई, म्हणून तेही मौन पाळीत. कोलशेतसारख्या, सर्वांची सर्वांशी नातीगोती असलेल्या गावी हे मौन अधिकच गडद असणार हे उघड आहे.

त्यामुळे मनोरुग्णांची बाजू दुसऱ्यांनी मांडली. मुंबईतील पत्रकार शीला बारसे यांनी गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि ही प्रथा बेकायदा असल्याचा निर्णय १९९३ मध्ये झाला. त्याआधी रांचीच्या मनोरुग्णालयाबाबतच्या याचिकेतही न्यायालयाने थेट लक्ष घातले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी निवासात लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण जळून मेले, तेव्हा संसदेत व राज्यांच्या विधिमंडळांत या विषयाची चर्चा सुरू झाली. चर्चा घडण्यास इतकी मोठी आपत्ती लागावी ही खेदाची बाब आहे.

महाराष्ट्रात याला समांतर असे एक शांत काम चालू होते. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिता अवचट, अनिल अवचट आणि देणगी देणारे पु. ल. व सुनीता देशपांडे यांची नावे त्याच्याशी निगडित असून, हे केंद्र येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयाच्या आवारातील इमारतीत उघडले गेले. शासनाची जागा व समाजाचे मनुष्यबळ यांची सांगड घालता येते हे त्यावरून सिद्ध झाले. ठाण्यात १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, नौपाड्यासारख्या मध्यमवर्गीय वस्तीत मनाच्या आजाराविषयी उघडपणे बोलता येऊ लागले हे या संस्थेचे मोठे श्रेय होय. पुण्यात जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने आप्तांना एकत्र आणले. या आजारावरील देवराई (२००४) या चित्रपटामुळे हा विषय मराठी घराघरांत पोचला. आप्तांचे गट तयार झाल्यावरच प्रतिनिधीकडे शिष्टमंडळ नेणे शक्य झाले. त्यापूर्वी शिष्टमंडळात कोण जाणार, हाच प्रश्न होता.

१९८७ च्या अधिनियमाने अभ्यागतांची संख्या किमान पाच केली व त्यांत दोन समाजसेवकांना स्थान दिले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने याच्या पुढचे पाऊल टाकले. या कायद्याच्या मसुद्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा व त्याचे संचालक सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा होता. विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत आले, ऑगस्ट २०१६ मध्ये तेथे व मार्च २०१७ मध्ये लोकसभेत संमत झाले आणि २९ मे २०१८ पासून अंमलात आले. शासकीय खर्चाने चालणारी सेवा मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला (कलम १८). घर नाही वा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणास मनोरुग्णालयात ठेवता येत नाही (कलम १९). भूल न देता विद्युत्झटक्यांचा उपचार करण्यास बंदी झाली. जिल्ह्यांसाठी पुनर्विलोकन मंडळांची तरतूद झाली. त्यांत जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्याचा प्रतिनिधी व दोन वैद्यकीय सदस्य यांच्या जोडीला स्वतः मनोविकार अनुभवलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे वा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी यांतून दोन सदस्य असतात. १९१२ च्या अभ्यागतांत कारागृह महानिरीक्षक होता, त्या जागी शंभर वर्षांनी रुग्ण येऊन बसला.

कागदावर उतरलेल्या या तरतुदी महाराष्ट्रात सहजासहजी अंमलात आल्या नाहीत. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहे व तत्सम संस्थांत हलविण्याचा मार्ग राज्याने अवलंबिल्याचे आढळून आल्यावर तो तात्काळ थांबविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. मुंबईतील मनोविकारतज्ज्ञ हरीश शेट्टी यांनी ठाण्याच्या मनोरुग्णालयात दीर्घकाळ राहिलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणावरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्या सुनावणीत राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या बैठका, निधी व पुनर्विलोकन मंडळांचे कामकाज यांची न्यायालयाने २०२२–२३ मध्ये सविस्तर झडती घेतली, आणि दहा वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या रुग्णांची तपासणी करण्यास मंडळांना सांगितले. जे काम विधिमंडळात प्रश्नोत्तरांनी व्हावयास हवे होते, ते अशा रीतीने न्यायालयात झाले.

वस्तुतः विधिमंडळाकडे साधने पुरेशी आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा व कपात सूचना ही सभासदाच्या हातची, तर विनंती अर्ज समिती ही नागरिकाच्या उपयोगाची. मानसिक आरोग्याच्या बाबतीत यांपैकी प्रश्न हे साधन विशेष परिणामकारक ठरते, कारण रिक्त पदे, औषधांचा साठा व मंडळांच्या बैठकांची संख्या या बाबींची माहिती मंत्र्यास सभागृहात द्यावी लागते. मात्र प्रश्न विचारण्यास आधी आकडा हाती असावा लागतो. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०·६ टक्के व्यक्तींना उपचारयोग्य मनोविकार असल्याचे व त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नसल्याचे दिसून आले. परंतु त्यासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्याविषयी बोलू पाहणाऱ्या आमदारास गुजरात वा मध्य प्रदेशाचे आकडे उसने घ्यावे लागत. दुसरी अडचण निधीच्या स्वरूपाची आहे. आमदारांचा स्थानिक विकास निधी बांधकामादी टिकाऊ कामांसाठी असतो, मनोविकृतीतज्ज्ञ समाजसेवकाच्या पगारासाठी तो वापरता येत नाही. त्यामुळे सभागृहाबाहेर लोकप्रतिनिधीच्या मदतीचा ओघ साहजिकच बांधकामाकडे वळतो. मनाच्या आजारात लागणारी मुख्य सामग्री मात्र माणसे हीच असते.

जमिनीच्या प्रश्नातही लोकप्रतिनिधींचा हा कल दिसून आला. ठाणे स्थानकावरील गर्दी कमी करण्यासाठी ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यान नवे रेल्वे स्थानक व्हावे ही मागणी शहरात अनेक वर्षे जोर धरून होती व स्थानिक लोकप्रतिनिधींनी तिचा नेटाने पाठपुरावा केला. स्थानकासाठी योग्य जागा म्हणून मनोरुग्णालयाच्या आवारातील सुमारे १५ एकर भूमी पुढे आली. जमिनीचा वापर मनोरुग्णांच्या कारणासाठीच व्हावा या भूमिकेतून न्यायालयीन वाद झाला, २०१५ मध्ये स्थगिती मिळाली आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्थानकासाठी जागा देण्याचा मार्ग मोकळा केला. रोज लोंबकळत प्रवास करणाऱ्या लाखो प्रवाशांची मागणी अवास्तव होती असे कोणीच म्हणणार नाही. या वादात एका बाजूस मतदार होते व दुसऱ्या बाजूस एका जुन्या देणगीचा हेतू होता, एवढे मात्र लक्षात घ्यावयास हवे. जुन्या इमारतींच्या जागी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या धर्तीवर नवे रुग्णालय बांधण्याची योजना राज्य शासनाने यानंतर हाती घेतली.

महानगरपालिकेची भूमिका या सर्वांत दुय्यम राहिली आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि दुर्बल घटकांचे, त्यांत अपंग व मतिमंद व्यक्तींचे, हितरक्षण हे विषय नगरसंस्थांकडे सोपविण्याजोगे म्हणून नमूद आहेत. मतिमंदत्व व मनोविकार या भिन्न गोष्टी असल्या, तरी दोन्हींची पहिली भेट प्रभागातील आरोग्य केंद्रातच होते. ठाणे महानगरपालिकेचे कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे मनोविकारांवरील उपचार सर्वसाधारण रुग्णालयात, कलंकाच्या भीतीविना मिळण्याची सोय शहरात आहे. कोलशेतहून कळव्यास जाण्यासाठी शहर ओलांडावे लागते. म्हणून आरोग्य केंद्रातच ठराविक वारी मनोविकारतज्ज्ञ व औषधे उपलब्ध असणे ही या भागाच्या दृष्टीने स्वाभाविक मागणी ठरते. कलम १८ मध्ये सर्व स्तरांवरील सामान्य आरोग्य सेवेत मानसिक आरोग्याचा समावेश करण्याचे शासनाचे दायित्व सांगितले असल्याने या मागणीस कायद्याचा आधारही आहे. परंतु मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. नवा कायदा रुजण्याच्या नेमक्या याच काळात कोलशेतच्या रहिवाशांना अर्ज देण्यासाठी नगरसेवक नव्हता.

मताधिकाराच्या बाबतीत मात्र अन्यत्र एक बदल घडून आला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत चेन्नईच्या किल्पॉक येथील शासकीय मनोरुग्णालयाच्या आवारात मतदान केंद्र उघडण्यात आले. तेथील रुग्णांची नावे रीतसर मतदार यादीत नोंदविण्यात आली होती, आणि दीडशेच्या आसपास रुग्णांनी रांगेत उभे राहून मतदान केले.